रीडिंग

एकतीस वर्षं मी लोकांच्या पाण्याचे आकडे लिहिले.
कोपरखैरण्याच्या सेक्टरांमधून, हातात टॉर्च.
फरशी उचलायची, झुरळांना थोडा वेळ द्यायचा,
मग अंगठ्यानं काच पुसून वाचायचं.
शेऱ्याच्या रकान्यात: दार बंद. काच धूसर. कुत्रा.
एकदाच लिहिलं, मीटर उलटा बसवलेला.
ते घर आमच्या भिंतीपलीकडचं होतं.

त्यानंतर मढवींच्या द्वारकाबाई
माझ्याशी चौदा वर्षं बोलल्या नाहीत.
मंदाशी बोलत. कागदात बांधून सुकट देत,
तुझ्या घरवाल्याला देऊ नको, असं बजावून.
मी ती खात असे.

निवृत्तीनंतर हाताला चाळा हवा म्हणून
तुर्भ्याहून निळं पिंप आणलं, दोनशे लिटरचं.
आत आधी काय होतं, विकणाऱ्यानं सांगितलं नाही.
मी तीनदा धुतलं, मंदानं चौथ्यांदा,
मग तिनं आत डोकं घातलं
आणि पिंपातूनच घुमत्या आवाजात म्हणाली,
कपड्यांना चालेल.

अय्यूब प्लंबरनं पन्हळ ठोकली,
चार इंची पाइप, एक कोपर, तोंडाला नायलॉनची जाळी,
आणि खाली एक बूच.
काका, सुरुवातीचं पाणी बुचातून सोडून द्या,
ती छपराची आंघोळ असते.
कोणाच्या आंघोळीचं पाणी आपण भरतो का?

तोटीला मी भंगारातला पितळी मीटर जोडला.
सवय. दुसरं काय.
मंदा म्हणाली, ढगांना बिल पाठवणार का?
मी वहीत लिहिलं: जुलै, अडीच युनिट.
त्या महिन्यात आमची तूरडाळ दोन शिट्ट्यांत शिजली,
आणि मंदानं कपड्यांपुरतं हे आपलं मत
न सांगता मागं घेतलं.

मग एका दुपारी, पन्हळ भरून वाहत असताना,
भिंतीवरून आवाज आला. सरळ मला.
"पाऊस परतो आमचे पत्र्याव
न् भरतो तुमचे पिंपान.
आता मीटर कोनाचा उलटा?"

मी छपरावर टेप घेऊन चढलो.
अकरा पत्रे. सात त्यांचे.
उतार सगळा आमच्याकडे,
बांधणाऱ्यानं दिलेला, माझा त्यात हात नाही,
पण हे वाक्य मी मनातच बोललो,
कारण त्या काळी त्यांनीही हेच म्हटलं होतं:
बसवला प्लंबरनं, आमाला काय म्हाईत.
आणि मी रकाना भरून पुढच्या दाराला गेलो होतो.

अय्यूबनं भिंतीला भोक पाडलं.
पाइपला फाटा, पलीकडे त्यांचं पिंप,
माशांच्या बाजारातलं, पांढरं, झाकणाला दोरी.
आधी त्यांचं भरतं, मग आमचं.
ही अट त्यांची.
रात्री सर आली की भिंतीतून पाणी जाताना ऐकू येतं,
मंदा झोपेत कूस बदलते,
मी किती लिटर गेलं याचा अंदाज करतो
आणि थोड्या वेळानं करत नाही.

ऑक्टोबरात आमचं पिंप वाजायला लागलं.
बोटाच्या पेरानं ठोकलं की पोकळ,
खालच्या कड्याशी जरा जड.
"सपला ना?" भिंतीवरून.
म्हटलं, तळाला चार बोटं आहे, पण काढत नाही.
त्यात गप्पी मासा आहे,
आरोग्यखात्याच्या पोरानं डासांसाठी सोडलेला.
थोडा वेळ काहीच नाही.
मग, "इकरं आना. आमचे पिंपान हाय अजून."

स्टीलच्या पेल्यात मासा, वर माझा तळवा.
फाटक. तुळस. ओल्या जाळ्याचा वास.
पायरीशी ती फरशी आली, खाली त्यांचा मीटर,
आणि पाय आपोआप थांबला.
तळव्याला खालून काहीतरी
हलकंच टोचलं.
द्वारकाबाई झाकणाची दोरी सोडत होत्या.